तणात लपलेली इच्छा

सगुणाच्या बाबांचे हात रुसले होते.

हात कसे रुसतील, असं तुम्ही विचाराल. पण खरंच रुसले होते. आधी त्या हातांना क्षणभर स्वस्थ बसवायचं नाही. हिरवागार बांबू चिरायचा, त्याच्या पातळ पातळ कामट्या काढायच्या आणि गप्पा मारता मारता टोपल्या, सुपं, इवल्या इवल्या परड्या विणून मोकळं व्हायचं! मग बाबांना मोठा ताप आला. ताप गेला, पण जाताना बोटांमधलं बळ घेऊन गेला. बोटं मिटेचनात. आता पाण्याचा पेला सगुणा धरायची आणि बाबा प्यायचे.

आई तर कधीच देवाघरी गेलेली. कोपऱ्यात बांबू वाळत पडले आणि चुलीवरचं भांडं बरेचदा रिकामंच राहायला लागलं.

एकदा आत्या आली. तिनं भांड्यात डोकावून पाहिलं आणि पदरानं डोळे पुसले.

"दादा, वैशाखापर्यंत वाट बघते," ती म्हणाली. "हात बरे झाले तर देव पावला. नाहीतर पोरीला मी घेऊन जाते. माझ्याकडे दोन वेळा जेवेल तरी."

आत्या वाईट नव्हती हं. पण तिचं गाव लांब होतं, डोंगरापलीकडे, नदीपलीकडे. सगुणा गेली, तर बाबांचा पेला कोण धरणार?

सगुणाच्या गावात टेकडीखाली एक बाग होती. ती कुणा एकाची नव्हती, सगळ्यांची होती. ज्याला यायचं त्यानं रविवारी यावं, जमेल ते काम करावं आणि जाताना ओंजळभर भाजी घरी न्यावी. निरगुडेकाका शिट्टी वाजवायचे. शिट्टी ऐकून काम कुणीच करायचं नाही, पण काकांना बरं वाटायचं. आणि यमूमावशी तण उपटायच्या. मावशी मोठ्या मायाळू, पण त्यांना दिसायचं कमी. चष्मा गळ्यात लटकलेला असायचा. डोळ्यावर लावला तर म्हातारं दिसतं म्हणे! गेल्या वर्षी त्यांनी गाजरगवत समजून अख्खी गाजरं उपटली होती. (मी हसत नाहीये. माझ्या हातून कुंडीतली कोथिंबीरसुद्धा मरते.)

सगुणा त्या बागेत जायला लागली. भाजीसाठीच जायची, खरं सांगायचं तर.

श्रावणातली एक सकाळ होती. ऊन आणि पाऊस पकडापकडी खेळत होते. घोसाळ्याच्या वेलावर पिवळीधमक फुलं उमलली होती आणि पानापानावर थेंबांचे मणी लुकलुकत होते. तेवढ्यात एका फुलातून आवाज आला, अगदी पिटुकला. "अगं, ए! जरा इकडे बघतेस का?"

सगुणानं फुलात डोकावलं. आत एक परी होती, करंगळीच्या नखाएवढी! अंगात पिवळा झगा, पायात परागांचे जोडे आणि पाठीवर काचेसारखे चार पंख. त्यातला एक पंख पाकळीला घट्ट चिकटलेला.

"गोगलगाय गेली इथून," परी लाजून म्हणाली. "मी झोपले होते. आता पंख सुटतच नाही बाई."

सगुणानं गवताच्या काडीवर दवाचा थेंब उचलला आणि अलगद, अगदी अलगद पंख धुऊन दिला. पंख सुटला आणि त्याच्यावर सात रंग झुळझुळले.

"गुणाची गं माझी!" परी म्हणाली. "सांग, तुला काय हवं?"

"बाबांच्या हातांचा रुसवा जायला हवा."

परीनं तिच्या तळहातावर एक चिमुकलं बी ठेवलं. मोहरीएवढं, पण मोरपिशी चमकणारं.

"हे इच्छेचं बी. पेरलं की पिटुकलं रोप येईल आणि उन्हाळा सरता सरता फूल धरेल. पण नियम आहेत हं. एक, याच्याबद्दल कुणाला सांगायचं नाही. दोन, त्याला कुंपण नाही, काठी नाही, खूण नाही. आणि तीन, या रोपापायी कुणाशी भांडायचं नाही. भांडणानं ते सुकतं."

"कुठे पेरू?"

"सगळ्यांच्या मातीत," परी म्हणाली आणि फुलाबरोबर मिटून गेली.

सगुणानं मेथीच्या वाफ्याच्या कडेला बी पेरलं. चार दिवसांत रोप आलं. पण काय सांगू! रोप मोरपिशी नव्हतं, सोनेरी नव्हतं. हुबेहूब तणासारखं होतं!

आणि रविवारी यमूमावशी खुरपं परजून आल्या.

"मावशी, या वाफ्यातलं मी काढू?" सगुणानं घाईघाईनं विचारलं.

"काढ बाई. शहाणी गं ती!"

मग काय, मेथीच्या वाफ्यातलं तण दर रविवारी सगुणा काढायची. पण मावशी चटचट पुढं सरकायच्या आणि फिरून पुन्हा मेथीकडे यायच्या. म्हणून सगुणा पलीकडचा वाफाही खुरपून ठेवायची. मग त्याच्या पलीकडचा. एक इवलंसं रोप वाचवायला पोरीनं सगळी बाग लख्ख करून टाकली!

"या मुलीचं काही कळत नाही बुवा," निरगुडेकाका म्हणाले. "मी अजून शिट्टी वाजवलीच नाही!"

पण करता करता सगुणाला बागच आवडायला लागली. दसऱ्याला झेंडू केशरी-पिवळे पेटले. थंडीत कोबी दुलया पांघरून बसले आणि वालाच्या वेलाला जांभळी झुंबरं लागली. शेवग्यानं पांढऱ्या फुलांचा सडा घातला. आणि ते रोप? ते कडेला चोरासारखं उभं, बोटभर उंच, हिरवं.

मग ऊन तापलं. हौदातलं पाणी खाली गेलं. सगळे एका ओळीत उभे राहून हातोहात बादल्या पुढं द्यायचे आणि सगुणा शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी पोचवायची. तिच्या पायांना चटके बसायचे. एके दिवशी तिला रोपावर तिळाएवढी कळी दिसली. तिला नाचावंसं वाटलं, पण नाचली नाही. कुणी विचारलं असतं, तर सांगणार काय?

वैशाख आला आणि आत्याचा निरोपही आला. येत्या रविवारी सकाळी येते, पोरीचे कपडे बांधून ठेवा.

त्या रविवारी सगुणा धावतच बागेत गेली. कळी आज उमलणार होती, उमलायलाच हवी होती.

वाफ्यापाशी यमूमावशी उभ्या होत्या. घामाघूम, पण चेहऱ्यावर दिवाळी!

"आलीस? बघ, बघ! वर्षभर एकटी राबतेस. म्हटलं, आज पोरीला विसावा द्यावा. पहाटेच आले आणि तुझा अख्खा वाफा काढून टाकला. एक काडी ठेवली नाही!"

वाफा स्वच्छ होता. तळहातासारखा स्वच्छ.

सगुणाच्या घशात एक मोठ्ठा आवाज दाटून आला. 'काय केलंत मावशी! माझे बाबा! माझं रोप!' आता गप्प राहून तरी काय मिळणार होतं? रोपच नव्हतं, तर नियम कसला?

तिनं मावशींकडे पाहिलं. त्यांच्या हातांना खुरप्याचे फोड आले होते. कमरेवर हात ठेवून त्या उभ्या होत्या, आणि शाबासकीची वाट बघणाऱ्या छोट्या मुलीसारख्या दिसत होत्या.

मोठ्ठा आवाज सगुणानं गिळला. खूप जड होता तो.

"छान झालं, मावशी," ती म्हणाली. "हात दुखत असतील ना तुमचे?"

"हात राहू दे. तुझ्या डोळ्यात पाणी का गं?"

"माती गेली."

मावशींनी पदराच्या टोकाचा बोळा केला, तोंडानं ऊब दिली आणि तिच्या डोळ्यांवर हळूच धरला. तेव्हा मात्र सगुणा खूप रडली. माती केवढी गेली असेल, असं मावशींना वाटलं.

"जा, तोंड धू," त्या म्हणाल्या. "आणि जाता जाता एवढी सालं खड्ड्यात टाक."

खड्डा म्हणजे खताचा खड्डा. बागेच्या टोकाला. सालं, पाचोळा, उपटलेलं तण, सगळं तिथं जायचं. त्याच्या वासामुळे कुणी फिरकायचं नाही. सगुणा टोपली घेऊन निघाली. पाय ओढत, नाक दाबून.

पण आज खड्ड्यातून वास येत होता तो मोगऱ्यासारखा!

तिनं वाकून पाहिलं. कुजक्या पानांच्या काळ्याशार, ऊबदार दुलईवर ते रोप आडवं पडलं होतं. पण सुकलं नव्हतं. त्याची मुळं खाली उतरली होती, देठ वर उठला होता, आणि बोटभर रोप बघता बघता हातभर झालं होतं. टोकाला फूल होतं. मोरपिशी, गुलाबी, सोनेरी, मधेच चांदणं सांडल्यासारखं. आणि फुलात परी बसली होती.

"उपटलं होतं ना ते?" सगुणा कुजबुजली.

"तण असं मरतं होय?" परी खुदकन हसली. "उपटून टाकलेलं जिथं पडेल तिथं मूळ धरतं. वाफ्यात बिचाऱ्याला पोटभर जेवण कुठं मिळत होतं? पण मावशींना तू रागावली असतीस ना, तर मी काहीच करू शकले नसते."

"मी रोपासाठी गप्प नाही राहिले," सगुणा म्हणाली. "मला वाटलं, ते गेलंच."

"तेच तर!" परी म्हणाली आणि तिचे डोळे ओले झाले. "ओंजळ कर बघू."

परीनं फूल हलवलं. सोन्याची भुरभुर सगुणाच्या ओंजळीत पडली. परी तिच्या खांद्यावर बसली आणि सगुणा निघाली. पळताही येईना आणि थांबवेही ना! वारा आला की ती ओंजळीवर वाकायची.

घराच्या दारात आत्या उभी होती. कपड्यांचं गाठोडं तिच्या काखेत होतं.

"चल गं बाळा, गाडी चुकेल."

"एवढंच थांब, आत्या."

बाबा भिंतीला टेकून बसले होते. लेकीकडे पाहवत नव्हतं, म्हणून जमिनीकडे पाहत होते. सगुणा समोर बसली आणि तिनं आपली ओंजळ त्यांच्या हातांमध्ये उघडली. सोनं त्यांच्या तळव्यांवर पसरलं, बोटांच्या पेरांत उतरलं, आणि दिसेनासं झालं.

क्षणभर काहीच झालं नाही.

मग करंगळी हलली. मग तिच्या शेजारचं बोट. मग एकेक करत सगळी बोटं जागी झाली, वळली आणि सगुणाच्या इवल्या हातांभोवती मिटली.

आत्याच्या काखेतलं गाठोडं धपकन खाली पडलं.

सगुणाच्या खांद्यावर उजेड झाला. आधी काजव्याएवढा, मग पणतीएवढा, मग खोलीभर. पिवळाधमक! त्या उजेडात कोपऱ्यातले वाळके बांबूसुद्धा क्षणभर हिरवे दिसले. कुणीतरी तिच्या कानाशी पाकळीएवढा पापा घेतला, आणि उजेड उंच उंच जाऊन सकाळच्या उन्हात मिसळून गेला.

"बाबा, सोडा ना," सगुणा हसत म्हणाली. "हात दुखतायत माझे!"

बाबांनी काही सोडले नाहीत.