गोदाक्का आणि ब्रेकिंगची पेटी

“फळ्यापुढं कुत्रंसुद्धा थांबेना, गोदाक्का! असं का?”

दैनिक ‘रणहलगी’चे मालक दादासाहेब कुंभोजकर कडाडले. गोदाक्का हातावरची खडूची भुकटी झटकत उभी होती. बाजार चौकातला ‘रणहलगी’चा बातम्यांचा फळा गेली बारा वर्षं तीच लिहायची. लोक आधी फळा वाचायचे, मग अंक घ्यायचे. तिचं घर त्या खडूवरच चालायचं.

“तुमच्या त्या ब्रेकिंगमुळं, मालक,” ती म्हणाली.

दुसऱ्या कुणी जीभ चावली असती, पण बाई बोलली ते खरंच होतं. दिवाळीत दादासाहेब पुण्याला लेकीकडं राहिले, टीव्हीवरच्या लाल पट्टीत हा शब्द त्यांनी पाहिला आणि त्याच्या प्रेमातच पडले. परत येताच हुकूम सुटला, प्रत्येक बातमीवर ब्रेकिंग! उपनगराध्यक्षांना सर्दी झाली, ब्रेकिंग! कबड्डीचा सामना बरोबरीत सुटला, ब्रेकिंग! दुपारी ऊन पडणार, तेही ब्रेकिंग! चोरी असो की बारसं, सगळ्यांच्या कपाळी तोच लाल टिळा. परवा तर कहर झाला. नळाला तीन दिवस पाणी नाही, ही बातमी त्या गर्दीत कुणी वाचलीच नाही आणि बायका रिकाम्या कळश्या घेऊन ‘रणहलगी’च्या दारात भांडायला आल्या.

“ब्रेकिंग राहणारच!” दादासाहेबांनी टेबलावर मूठ आपटली. “दोष तुझ्या हातात आहे. ऐक! शनिवारच्या बाजारात फळ्यापुढं एवढी गर्दी जमव, की एस.टी. अडकली पाहिजे. ब्रेकिंगशिवाय एक ओळ लिहायची नाही आणि खोटं काही लिहायचं नाही. जमलं तर मागशील ते देईन. नाही जमलं तर खडू खाली ठेव आणि घरी बस!”

गोदाक्कानं पदराला हात पुसले आणि विचारलं,

“बातम्या किती लिहायच्या, ते मी ठरवू?”

“ठरव की! पन्नास लिही!”

शनिवारी सकाळी गोदाक्कानं अख्खा फळा ओल्या फडक्यानं पुसला. लाल खडूनं मधोमध एकच ओळ लिहिली आणि बाजूच्या ओट्यावर जाऊन बसली.

‘ब्रेकिंग! घाईघाईनं सांगावं असं आज आपल्या गावात काहीही घडलेलं नाही.’

पहिल्यांदा मेथीवाली थबकली. “अगं बया! काहीच नाही?”

“असं कसं होईल?” सायकलवरून उतरत मास्तर म्हणाले. “रोज पन्नास असतात!”

“काहीतरी दडवत्यात!”

“नक्कीच मोठं असणार!”

न्हावी अर्धी दाढी सोडून आला. मागोमाग तोंडाला फेस लावलेलं गिऱ्हाईकही आलं. बघता बघता चौक गच्च भरला. साडेदहाची एस.टी. हॉर्न वाजवून वाजवून दमली आणि शेवटी ड्रायव्हरच खाली उतरून विचारू लागला, “काय नाही झालं म्हणे?”

इकडं दादासाहेबांचा फोन थांबेना. “मालक, काय दाबलंय? आम्हाला तरी सांगा!” दादासाहेब जेवणाच्या ताटावरून उठले ते तडक चौकात आले. गर्दीत शिरायला त्यांना दहा मिनिटं लागली. फळा वाचून ते लालबुंद झाले.

“गोदाक्का! खोटं लिहिलंस!”

“मग खरं घडलेलं सांगा, आत्ता लिहिते!” तिनं आजच्या बातम्यांचा कागद पुढं केला. “उपनगराध्यक्षांची सर्दी बरी झाली. वाण्याच्या दुकानात नवा पंखा आला. आमदारांनी भजी खाल्ली. यातलं काय ऐकायला तुम्ही भरल्या ताटावरून उठाल?”

दादासाहेबांनी कागद वर-खाली पाहिला. “छे! यासाठी कोण उठतंय?”

“मग बोटांना पिठलं कसं हो लागलंय, मालक?”

चौकात हशा पिकला. दादासाहेबांनी आपल्या हाताकडं पाहिलं, अडकलेल्या एस.टी.कडं पाहिलं आणि एकाएकी त्यांनाही हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं.

“हरलो बाई! माग काय हवं ते!”

“ब्रेकिंग!” गोदाक्का म्हणाली. “तो शब्द आणि तो लाल खडू माझ्या खडूच्या पेटीत राहील. किल्ली माझ्या कमरेला. कधी काढायचा ते मी ठरवीन.”

“दिला!” भर चौकात दादासाहेबांनी शब्द दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

गोदाक्कानं लाल खडू पेटीत टाकून कुलूप लावलं. दादासाहेब जरा जवळ सरकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, “गोदाक्का, उद्या माझा साठावा वाढदिवस आहे. तेवढ्यापुरती पेटी...?”

“लिहीन की, मालक!” गोदाक्कानं किल्ली कमरेला खोचली. “पांढऱ्या खडूनं. नळाच्या पाण्याच्या बातमीखाली!”

दादासाहेब एवढे मोठ्यानं हसले, की एस.टी.त जाऊन बसलेली माणसं पुन्हा खाली उतरली.