दरीकडचं चाक

फार फार पूर्वी, बैल बोलत असत त्या काळातली ही गोष्ट. तुम्ही विचाराल, बैल बोलायचे तर माणसं ऐकायची का? छे हो! माणसं तेव्हाही ऐकत नव्हती. ऐकली असती तर मला सांगायला काही उरलंच नसतं.

एका डोंगराच्या माथ्यावर एक गाव होतं आणि पायथ्याला दुसरं. मधे वळणावळणाचा घाट. घाटाच्या एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खोल दरी. वरच्या गावात हैबती नावाचा गाडीवान राहायचा. गाडी हाकावी तर हैबतीनंच, असं सगळे म्हणायचे, आणि कुणी म्हणायला विसरलंच तर हैबती स्वतः आठवण करून द्यायचा. माणूस मनाचा वाईट नव्हता. पण चारचौघांनी आपल्याकडे बघावं, आपलं नाव काढावं, याची त्याला भारी हौस.

त्याची एकुलती एक लेक मैना. तिचं लग्न खालच्या गावात ठरलं. गोरज मुहूर्त होता, म्हणजे गुरं घरी परततात त्या वेळेला अक्षता पडायच्या होत्या. दुपारी निघायचं, घाट उतरायचा आणि लेकीला वेळेत मांडवात पोचवायचं.

आता त्या घाटातली एक रीत सांगतो, ती नीट ऐका. नवरीची गाडी उतरू लागली की वाटेवरच्या वाड्यावाड्यांतल्या बाया हळदीकुंकवाचं ताट घेऊन रस्त्याच्या कडेला उभ्या राहायच्या. उभ्या कुठं राहायच्या? डोंगराच्या अंगाला. दरीच्या अंगाला उभं राहायला जागाच नव्हती. गाडी थांबली की बाया त्यांच्याकडच्या चाकाला हळदकुंकू लावायच्या आणि त्या निमित्तानं चाकाची धाव अगदी निरखून बघायच्या. लाकडी चाकाच्या घेरावर जे लोखंडी कडं बसवतात, ती धाव. गाडी कितीही मोठी असो, जमिनीला टेकतं ते तेवढंच. धाव चांगली म्हणजे नवरीच्या घरचं चांगलं, असा बायांचा हिशेब. नवरीही डोंगराकडं तोंड करून, दरीकडच्या चाकावर बसायची. तिनं सगळ्यांना बघावं, सगळ्यांनी तिला बघावं.

हैबतीच्या गाडीच्या धावा झिजून पापडासारख्या झाल्या होत्या.

"अहो, लेकीचं लग्न आहे. त्या धावा तेवढ्या बदलून घ्या," त्याची बायको सगुणा म्हणाली.

"ते काय तू मला सांगायला हवंस?" असं म्हणून हैबती गावातल्या ठकूबाई लोहारणीकडे गेला.

ठकूबाईचं काम खणखणीत आणि भावही खणखणीत. ती धाव चाकापेक्षा कणभर लहान करायची. मग गोवऱ्यांच्या जाळात लाल होईपर्यंत तापवायची. तापून फुगली की चाकावर चढवायची आणि वरून पाण्याची घागर रिकामी करायची. चर्रर्र! धाव आवळायची आणि लाकडाला अशी धरून बसायची की खिळ्याचं कामच नाही.

भाव ऐकून हैबतीनं कान खाजवला. पैसे नव्हते असं नाही. पण बैलांना आरशाच्या झुली आणि पितळी घुंगरांच्या माळा घ्यायचं त्याच्या मनात पक्कं बसलं होतं. तिथून तो बाजारात गेला. बाजारात एक व्यापारी तयार धावा विकत बसला होता. पातळ, पण चकाचक. तोंड बघून घ्यावं अशा.

"लोखंड ते लोखंडच की हो पाटील!" व्यापारी म्हणाला. हैबती पाटील नव्हता, पण त्याला ते आवडलं. "जाळ नको, पाणी नको. गार धाव चढवायची, खिळे ठोकायचे, झालं! त्या लोहारणीच्या एका धावेच्या पैशात माझ्या किती येतील, बघा तरी."

हैबती घरी येताना वाटेत थांबला आणि स्वतःशीच हसू लागला. त्याला युक्ती सुचली होती. अहाहा, काय युक्ती! दुसऱ्या दिवशी तो परत ठकूबाईच्या भट्टीपाशी हजर.

"ठकूबाई, एकच धाव दे. डोंगराकडच्या चाकाला."

"एकच?" ठकूबाईनं हातातला घण खाली ठेवला. "आणि दरीकडच्याला?"

"तिकडं बाजारातली ठोकतो. तिकडून बघतंय कोण? घुबड?"

"अरे हैबती, उतारावर गाडीचा तोल कुठं जातो? लेक कुठल्या चाकावर बसते?"

"तू नको काळजी करू. गाडी मी हाकतो की तू?"

"बरं बाबा, तूच हाक," ठकूबाई म्हणाली. "निदान एक कर. दोन्ही माझ्या घ्यायच्या नसतील तर दोन्ही बाजारातल्या घाल आणि पोरीला पायी ने. पण अशी मिसळ करू नकोस. एक चाक एका चालीचं, दुसरं दुसऱ्या, बैलांनी ओढायचं कसं?"

हैबतीनं हसून हात झटकला. ठकूबाईनं एक धाव चढवली, आणि ती अशी चढवली की बघत राहावं. दुसऱ्या चाकाला हैबतीनं घरीच खिळे ठोकले. उरलेल्या पैशात आरशाच्या झुली आल्या, घुंगुरमाळा आल्या, आणि हैबतीच्या डोक्याला नवा फेटाही आला.

लग्नाचा दिवस उजाडला. दुपारी गाडी निघाली. वऱ्हाडी पुढं चालत गेले होते. गाडीत मैना, शेजारी सगुणा, पुढं हैबती. डोंगराकडच्या बाजूला पाखऱ्या बैल आणि दरीकडच्या बाजूला हरण्या.

गाव सुटलं तसा हरण्या म्हणाला, "पाखऱ्या, गाडी माझ्याकडं का येते रे सारखी?"

"तुझ्याकडचं चाक बारीक आहे. धाव पातळ आहे ना," पाखऱ्या म्हणाला.

"म्हणजे दिवसभर मी गाडी दरीपासून लांब ढकलत राहायचं?"

"तुझ्या अंगावर आरसे आहेत, बघ की किती छान दिसतोयस."

"आरसे चाटू का?" हरण्या फुरफुरला.

मागं हैबतीला नुसतं "हंऽऽ, हंऽऽ" ऐकू आलं. "बघ मैने, बैलसुद्धा खूश आहेत," तो म्हणाला.

पहिली वाडी आली. बाया पुढं झाल्या. डोंगराकडच्या चाकाला हळदकुंकू लागलं. एकीनं धावेवर बोट फिरवलं आणि म्हणाली, "बाई बाई! ठकूबाईच्या हातची दिसतेय. हैबतीभाऊ, लेकीसाठी काही कमी केलं नाहीत हो!"

हैबती एवढा फुलला की फेटा तंग झाला. सगुणेनं त्याच्याकडं कौतुकानं बघितलं. दरीकडच्या चाकाची गोष्ट तिला कुठं ठाऊक होती!

वाडी मागं पडली आणि घाटाचा खडा उतार लागला. उतारावर गाडी आवरायला चाकांच्या मागं लाकडी ठोकळे असतात. दोरी ओढली की ते धावेवर दाबले जातात, घासतात आणि गाडी हळू होते. हैबतीनं दोरी ओढली. डोंगराकडचा ठोकळा ठकूबाईच्या धावेला गपकन चिकटला. दरीकडचा ठोकळा मात्र खिळ्यांच्या डोक्यांवर अडखळू लागला. टक, टक, टक.

"आबा, कसला आवाज येतोय?" मैनेनं विचारलं.

"घुंगरं, घुंगरं!" हैबती म्हणाला.

घुंगरं असा आवाज करत नाहीत, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. त्यानं दोरी जरा सैल सोडली, तशी गाडी धावू लागली. घाबरून पुन्हा ओढली. टण! एक खिळा उडाला. टण, टण! आणखी उडाले. आणि वळणावर, बरोबर दरीच्या तोंडाशी, धाव चाकावरून सुटली. ती उभीच राहिली, जरा डुलली, जणू काय विचार करतेय, आणि ठेंगण्या कठड्यावरून उडी मारून दरीत गडगडत गेली.

उघडं लाकडी चाक दगडावर आपटलं. एक आरा मोडला. गाडी दरीकडं कलली आणि मैना मागच्या मागं घसरली. तिच्या पाठीमागं आता गाडीची फळी होती आणि फळीमागं काही नव्हतं. सगुणेनं किंचाळून तिचा हात धरला.

"मैने!" हैबती ओरडला. झुली, फेटा, लोक, सगळं विसरला. देवा, माझी पोर वाचव, एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

"हरण्या, माझ्या अंगावर पड!" पाखऱ्या म्हणाला.

हरण्यानं सगळं वजन डोंगराकडं टाकलं. पाखऱ्यानं पाय रोवले. हैबतीनं दोरी दातात धरून अंग मागं झोकून दिलं. ठकूबाईच्या धावेवर ठोकळा करकचून बसला. ते एक चाक जागच्या जागी थांबलं, गाडी त्याच्याभोवती अर्धी फिरली आणि डोंगराच्या मातीत तोंड खुपसून उभी राहिली.

हैबतीनं आधी मैनेला खाली उतरवलं, मग सगुणेला. लेकीच्या कपाळावरून, हातांवरून तो नुसताच हात फिरवत राहिला. त्याला रडू आवरेना.

मैनेनं मोडक्या चाकाकडं बघितलं, मग धडधाकट चाकाकडं बघितलं. "आबा, ही ठकूमावशीची धाव. मग ती गेली ती कुणाची?"

"बाजारातली," हैबती खाली मान घालून म्हणाला. "तिकडून कुणी बघत नाही ना गं."

"पण तिकडं मी बसले होते की," मैना म्हणाली.

ती रागावली असती तर हैबतीला बरं वाटलं असतं. ती तर खरंच कोड्यात पडल्यासारखी त्याच्याकडं बघत होती. सगुणा बघत होती ती मात्र वेगळं. ते बघणं हैबती पुढं बरीच वर्षं विसरला नाही.

इकडं खालच्या गावात काय चाललं होतं? मांडवात सनई वाजत होती. सगळे घाटाकडं डोळे लावून बसले होते. तेवढ्यात डोंगरउतारावरून झुडपं मोडत, दगडांवर उड्या मारत काहीतरी चकाकतं येताना दिसलं. ते मांडवात शिरलं, मुंडावळ्या बांधून बसलेल्या नवऱ्यामुलाभोवती एक फेरी मारली आणि त्याच्या आईच्या पायाशी खणखणत आडवं झालं.

"अगो बाई!" नवऱ्यामुलाची आई म्हणाली. "नवरीच्या आधी धाव आली? ही कुठली रीत?"

"ही रीत नाही आई, गाडी मोडलीय," नवरामुलगा म्हणाला. त्यानं धाव उचलली आणि मुंडावळ्यांसकट घाटाकडं पळत सुटला. मागं सगळं वऱ्हाड, आणि सवय म्हणून सनईवालाही.

शेवटच्या वाडीच्या वर त्यांची गाठ पडली. मोडकी गाडी वरच सोडून मैना आणि सगुणा बैलांच्या मधून चालत येत होत्या, मागं हैबती. नवऱ्यामुलानं मैनेला धडधाकट बघितलं आणि त्याचा जीव भांड्यात पडला. मग तो हैबतीकडं वळला. "मामा, ही तुमचीच ना?"

नाही म्हणणार कसं? खिळ्यांची भोकं ओळखीची होती. हैबतीनं धाव घेतली. हातात धरून चालता येईना, म्हणून खांद्यावरून तिरकी अडकवली.

शेवटच्या वाडीतल्या बाया ताट घेऊन वाट बघत उभ्या होत्या. गाडी नाही, चाक नाही. नवरी पायी चाललीय. आता करायचं काय? रीत तर मोडायची नाही. त्यांच्यातली एक वयस्क बाई पुढं आली, हैबतीसमोर उभी राहिली आणि त्याच्या गळ्यातल्या त्या पातळ धावेला तिनं हळदकुंकू लावलं. मग बोट फिरवून नीट बघितलं.

"चकाकते छान," ती म्हणाली.

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मग सगुणेलाही हसू फुटलं, मैनेलाही, आणि शेवटी हैबतीलाही. जी धाव कुणी बघणार नव्हतं, तिच्याकडं आज अख्खा घाट बघत होता.

गुरं परतायच्या वेळेला अक्षता पडल्या. लग्न झोकात झालं. आणि मांडव उतरायच्या आत हैबती ठकूबाईच्या दारात उभा होता, डोक्यावरचा नवा फेटा हातात घेऊन.

"ठकूबाई, दुसरी धाव दे. भाव विचारत नाही."

"भाव विचार रे," ठकूबाई म्हणाली. "फक्त त्याच्या आधी चाक कुठलं ते विचार."

तेव्हापासून त्या घाटातली रीत थोडी बदलली. नवरीची गाडी आली की बाया आधी कठडा धरून, जपून, दरीच्या अंगाला जातात. पहिलं हळदकुंकू त्या चाकाला लावतात आणि मगच डोंगराकडच्याला. आणि हरण्या, अजूनही कुणी ऐकत नसलं तरी, दरवेळी म्हणतो, "बघितलंस पाखऱ्या? हे मी कधीचं सांगत होतो."

बोध इतकाच: लोकांना दिसतं त्या चाकाला हवं तर कमी खर्च करा, पण आपलं माणूस ज्या चाकावर बसतं, त्याच्या धावेत काटकसर करू नका.