शनवारतेल्याचा मारुती

खारशेतच्या मारुतीला शनिवारी ताजे तेल चालत नाही. पाहुण्यांना नवल वाटते. मग देवळाचे म्हातारे गुरव ओट्यावर बसून एलोजी तेल्याची गोष्ट सांगतात. कागदोपत्री तिला आधार नसेल. गावाला तो कधी लागला नाही.

एलोजीचे पूर्वज म्हणे गलबत फुटून या किनाऱ्याला लागले. पोथ्या समुद्रात गेल्या. उरली एक प्रार्थना आणि शनिवारचा विसावा. त्या दिवशी चूल पेटत नसे, घाण्याचा बैलही मोकळा असे.

एका शनिवारी किल्ल्याचा कारभारी नवसाच्या तेलासाठी दारात आला.

"आज घाणा बंद," एलोजी म्हणाला.

"अरे, शनवार तर तेलाचाच दिवस! कोण रे तुम्ही? कुठल्या देवाचे?"

आपल्या लोकांना काय म्हणतात, हे एलोजीलाही धड ठाऊक नव्हते. पण एवढे कळत होते, की हा दिवस सोडला तर आपण कोण हे सांगायला काहीच उरणार नाही.

"शनवारतेली!" एक शिपाई हसला.

"बैल जुंप, नाहीतर घाणा फोडतो," कारभारी गरजला.

एलोजी उंबऱ्यावर बसला. "फोडा, सरकार. पोट दुसरीकडे भरेन. दिवस दुसरा कुठून आणू?"

शिपायाने घण उचलला. तेवढ्यात मारुतीचा गुरव, बाळोजी, दारात जमलेल्या गर्दीतून पुढे आला.

"सरकार, कालचं तेल माझ्याकडे आहे. मारुतीनं शिळ्या तेलाला कधी तोंड वाकडं केलं नाही."

"नवस ताज्या तेलाचा आहे!"

"मग घालायला दुसरा गुरव बघा. शेजाऱ्याचा नेम मोडून काढलेलं तेल मी देवाला घालणार नाही."

गुरवावाचून नवस फिटायचा कसा? कारभाऱ्याने मुकाट्याने कालचेच तेल घालायचे कबूल केले. जाताना मात्र तो खेकसला, "सांभाळ तुझा शनवार, शनवारतेल्या!"

"जी," एलोजी ताठ उभा राहून म्हणाला, "शनवारतेलीच."

हिणवायला काढलेला शब्द त्याने त्या दिवशी पागोट्यासारखा डोक्यावर घेतला. पुढे गावोगावच्या सोयरिकीत त्याची माणसे तीच ओळख मानाने सांगू लागली.

आजही शनिवारी कोणी तेल घेऊन देवळाची पायरी चढला, की गुरव वाटी हातात घेण्याआधी विचारतात, "कालचंच ना?"