ठकाबाईची पाळी

फार फार वर्षांपूर्वी, आवळखेड्याच्या नदीला बारमाही पाणी असायचं तेव्हाची ही गोष्ट. नदीवर बंधारा होता, बंधाऱ्यातून पाट निघायचा. वरच्या रानांनी आधी पाणी घ्यायचं, उरलं तर खालच्यांनी, अशी रीत होती.

एका साली पाऊसच झाला नाही. खालच्या रानात थेंब पोचेना. तिकडची माणसं बोचकी बांधायला लागली.

शेवटच्या रानाची ठकाबाई मात्र चावडीवर गेली. बाईनं तिथं बोलायचं नसे. ती बोलली.

"पाटील, टंचाईच्या साली शेवटच्या रानापासून पाळी धरा. आमचं भिजलं की आमच्या वरच्याचं, मग त्याच्या वरच्याचं."

रायाजी पाटील हसले. त्यांचं रान सगळ्यात वर, बंधाऱ्यालगत होतं. "पाणी तुझ्यापर्यंत येतंच कुठं, बाई? वाटेतच जिरतं."

"पाट फुटलाय म्हणून जिरतं. तुमची पाळी शेवटी आली, की तुम्हीच तो नीट राखाल."

"मग एकदा पोचवून दाखव. नियम करू."

ठकाबाई फावडं घेऊन पाटात उतरली. पहिल्या दिवशी एकटी होती, तिसऱ्या दिवशी खालच्या सगळ्या बाया आल्या. असं म्हणतात, ती टाच दाबायची तिथली भेग मिटून जायची. आठव्या दिवशी बंधाऱ्याचं दार उघडलं, तर गाईमागं वासरू यावं तसं पाणी तिच्यामागं चालत शेवटच्या बांधापर्यंत आलं. त्या साली वरचं पीक वाचलं, खालचंही वाचलं.

पंचांनी नियम दगडावर कोरला. नाव मात्र घातलं रायाजी पाटलांचं. ठकाबाईला ते लागलं.

ती गेली त्याच्या दुसऱ्या साली पुन्हा पाऊस हुकला. म्हातारे रायाजी बंधाऱ्यावर पाळी सुरू करायची हाक द्यायला उभे राहिले. "रायाजीच्या नियमानं..." एवढं म्हणून त्यांचा आवाज बसला. पुन्हा म्हणाले, पुन्हा बसला. मग त्यांनी पागोटं काढून हातात घेतलं आणि म्हणाले, "ठकाबाईची पाळी."

असं म्हणतात, ती हाक तीन गावांना ऐकू गेली, आणि दार कुणी हात लावायच्या आत उघडलं. संध्याकाळी रायाजींनी पाथरवटाला बोलावलं आणि समोर बसून दगडावरचं आपलं नाव खोडून घेतलं.

आजही टंचाईच्या साली पाटलांच्या घरचा थोरला बंधाऱ्यावर बोडक्या डोक्यानं उभा राहतो आणि तिच्या नावानं हाक देतो. खालच्या रानातली एक बाई दार उघडते आणि पाण्याबरोबर पाटाच्या कडेनं चालत जाते. ती शेवटच्या बांधावर पोचेपर्यंत वरच्या रानात कुणी फावडं उचलत नाही.