न दिसणारं अक्षर

हिरडगावच्या राजे रंगरावांनी नमुन्याचा अकरावा कागद भिरकावला आणि भानुदास तांबटाला बजावलं, की आठ दिवसांत न दिसणारं अक्षर घडवून आण, नाहीतर बायकापोरांसकट आमच्या संस्थानाची हद्द सोड.

झालं होतं असं. महाराजांनी नवा छापखाना काढला होता. शाळेची पुस्तकं, पंचांग, हुकूमनामे, सगळं आपल्याच अक्षरात छापायचं, असा त्यांचा हट्ट. भानुदास बिचारा पोलादावर एकेक अक्षर उलटं कोरायचा, त्यावरून शिशाचे खिळे ओतायचा, ते जुळवून कागद छापायचा आणि दरबारात न्यायचा. महाराज भिंग लावून बघायचे. या 'क'चं पोट सुटलंय. हा 'ण' फेंगडा. या 'ह'ला कंबरच नाही. अकरा वेळा हेच! शेवटी ते चिडले.

"कागद हातात घेतला की तुझं अक्षरच डोळ्यांत घुसतं. मला अक्षर दिसता कामा नये, मजकूर तेवढा कळला पाहिजे. आणि कोरा कागद आणलास तर याद राख."

भानुदासाची बायको भागीरथी मुळातच भित्री. पोराला शिंक आली की ती वैद्याकडे धावायची, आणि दोन दिवस शिंक आली नाही तर का येत नाही म्हणून धावायची. हद्दपारीचं ऐकून आधी ती पोटभर रडली, मग तिनं घरातलं सगळं सामान गाठोड्यांत बांधलं. त्यात तिची अशी काही फजिती झाली, की शेजारणी दोन दिवस तोंडाला पदर लावून हसत होत्या.

तिसऱ्या दिवशी भानुदास अकरा कागद पुढ्यात पसरून बसला होता. भागीरथी छापखान्यात वापरलेले खिळे निवडून परत खणांत टाकायची, त्यातून तिला वाचता येऊ लागलं होतं. तिनं विचारलं, "अहो, या सगळ्या कागदांवर एकच मजकूर कसा?"

तो म्हणाला, महाराजांची बिरुदावली आहे, दरबारात न्यायचं तर दुसरं काय छापणार?

"पण ती तर त्यांना पाठ आहे. पाठ असलेलं कोण वाचतं? वाचायला काही नसलं म्हणजे माणूस 'क'चं पोटच बघणार."

भानुदासानं अकराही कागद पुन्हा चाळले. तिनं सांगितलं, नवं काही कोरू नका, पहिल्या नमुन्याचेच खिळे घ्या. ते अक्षर त्यानं बोरूच्या वळणानं कोरलं होतं. उभे दांडे जाड, वळणं बारीक, टोकं बोरूनं कापल्यासारखी तिरपी, आणि सगळी अक्षरं माथ्यावरच्या रेघेला अशी धरून, की नजर पाटाच्या पाण्यासारखी पुढं सरकावी.

"अगं, तेच तर महाराजांनी आधी फेकलं."

"फेकलं. वाचलं कुठंय?"

"आणि मजकूर?"

"तो मी सांगते," भागीरथी म्हणाली. "फजितीला माझ्याकडे काय तोटा?"

आठव्या दिवशी ती पोराला कडेवर घेऊन नवऱ्यामागून दरबारात गेली. महाराजांनी कागद घेतला, भिंग लावलं. एक भित्री बाई हद्दपारीच्या धाकानं सामान बांधत होती, अशी सुरुवात होती. दुसऱ्या ओळीला महाराजांच्या भुवया उंचावल्या. त्या बाईनं चुलीवरचा भातसुद्धा बांधला होता. पुढं तिनं सासऱ्यांची पगडी पिठात बांधली, तेव्हा महाराजांनी भिंग खाली ठेवलं. मग बाईला पोर दिसेना. पोरही बांधलं की काय! एकेक गाठोडं सोडत, रडत ती सहाव्यापाशी आली. सहावं गाठोडं हलत होतं. तिनं गाठ सोडली, आणि आतून...

महाराजांनी कागद उलटून पाहिला. मागं कोरा.

"पुढं काय? गाठोड्यात काय होतं?"

"सांगते, महाराज," भागीरथी म्हणाली. "आधी अक्षर कसं वाटलं ते कळावं."

"अक्षर गेलं खड्ड्यात! अक्षर बघतोय कोण इथं? पोर सापडलं का ते सांग."

भागीरथीनं पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"महाराजांनी मजकूर पुरता वाचला आणि अक्षर त्यांना दिसलंच नाही. हुकूम तर एवढाच होता."

महाराजांनी कागदाकडे बघितलं, मग भानुदासाकडे, आणि असे हसू लागले, की हुजऱ्याला पाण्याचा तांब्या घेऊन धावावं लागलं. हसू ओसरल्यावर त्यांनी हुकूम केला, की संस्थानातलं प्रत्येक पुस्तक याच अक्षरात निघेल आणि भानुदास कायमचा छापखान्याचा मुख्य.

"आता तरी सांग बाई, गाठोड्यात काय होतं?"

"शेजारणीची मांजर. पोराला मीच नवऱ्याच्या मांडीवर ठेवून आले होते, बांधाबांध निवांत करता यावी म्हणून."

"शाबास. तुलाही बक्षीस माग."

भागीरथी जरा लाजली. मग म्हणाली, "महाराज, दोन दणकट शिपाई द्या. मांजर निघाल्यावर सगळं पुन्हा बांधलंय, आणि भीतीनं गाठी अशा आवळल्यात, की आता राहायचं ठरलं तरी घरातली पळीसुद्धा बाहेर निघत नाही!"