बेटिणीचा बुरूज

ही पिवळी फुलं दिसतात ना, बुरुजाच्या कपारींतून वर आलेली, त्यांना हात लावू नका. पानालाही काटे, बोंडालाही काटे. आम्ही याला फिरंगी धोतरा म्हणतो. खारवलीच्या या किनाऱ्यावर तो पूर्वी नव्हता. एका बाईनं आणला, असं सांगतात.

इथं फिरंग्यांचं ठाणं होतं तेव्हाची गोष्ट. ठाण्याचा कप्तान दूरच्या उष्ण बेटांवरून गुलाम भरून आणायचा. एका खेपेला त्यांत एक बाई होती, कडेवर तान्ही मुलगी. वाटेत मुलीला ताप भरला. रोग जहाजभर पसरेल म्हणून कप्तानानं तिला आईच्या हातातून ओढलं आणि जिवंत समुद्रात फेकलं. बंदर लागेपर्यंत बाई नुसती पाण्याकडे बघत राहिली म्हणे.

तिचं नाव कुणाला उच्चारता येईना, म्हणून गावानं तिला बेटीण म्हटलं. कप्तानानं तिला आपल्या स्वयंपाकाला लावलं. तिच्या गळ्यातल्या पुरचुंडीत बेटावरचं बी होतं. ते तिनं या बुरुजाखाली पेरलं. कुणी विचारलंच तर म्हणायची, "डोळ्यांचं औषध आहे." बोंडं वाळली की त्यातून काळं बी पडतं, अगदी मोहरीसारखं. ते मोहरीत मिसळून ती घाण्यावर कप्तानासाठी तेल काढू लागली.

ठाण्यावर मासळी पोचवणारी चांगुणा कोळीण तिची एकुलती मैत्रीण. तिला बेटिणीनं बजावलं, "कप्तानाच्या ताटातलं उरलंसुरलं घरी नेऊ नको. पोरांना तर नकोच."

चांगुणा काय ते समजली. "अगो, पण तो परतेक घास आधी तुला चाखायला लावतो!"

"लावू दे."

हळूहळू कप्तानाचे पाय सुजले. बूट चढेनात. मग धाप लागू लागली, आडवं झालं की जीव गुदमरायचा. वैद्य झाले, पाद्री झाला. बेटिणीचेही पाय सुजले होते, पण लुगड्याखाली झाकून ती ताट नेतच राहिली. एके दिवशी कप्तानाची नजर तिच्या पावलांवर गेली आणि त्याला सगळं उमगलं. शिपायांना हाक मारण्याएवढाही श्वास त्याच्यात उरला नव्हता.

"तूही मरणार," तो पुटपुटला. "मग तुला काय मिळालं?"

बेटीण त्याच्यासमोर उंबऱ्यावर बसली. म्हणाली, "तू आधी."

त्याचा प्राण जाईपर्यंत ती तिथून हलली नाही.

त्यानंतर ती चांगुणाच्या झोपडीत येऊन वारली. चांगुणानं तिला होडीतून खोल पाण्यात नेऊन सोडलं, लेकीजवळ.

आजही खारवलीत नवी सून आली की सासू तिच्यापुढं सुपात मोहरी ठेवते. मोहरी गुळगुळीत, धोतऱ्याचं बी खरखरीत. बोटांना ते ओळखता आलं पाहिजे. वेचलेलं बी चुलीत टाकायचं, अशी रीत आहे. पण काही सासवा त्यातलं चिमूटभर सुनेच्या पदराला बांधून देतात. का, ते आम्ही पुरुषांनी विचारायचं नसतं.