घर खांद्यावर घेणारा सांतोआजो

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती, ते विचारू नका. आमच्या शेवरखोलात दोघांना विचारलंत तर तीन उत्तरं मिळतील. तेव्हा खाडीत गलबतं यायची. अशाच एका सकाळी खाडीच्या मुखाशी फळीला धरून एक माणूस वाहत आला. एका मोठ्या माशाने त्याला पाठीवरून आणून सोडलं, असं म्हणतात. मासा कोणी पाहिला नाही, माणूस मात्र सगळ्यांनी पाहिला.

बुटका, सावळा, दाढीमिशीचा पत्ता नाही. छातीवर हात ठेवून त्याने नाव सांगितलं, क्रिसांतो. गाव विचारलं तर उगवतीकडे बोट केलं. पुढे कळलं की तिकडे फिलिपिन्स नावाचा बेटांचा मुलूख आहे, तिथेही आपल्यासारखे माड आहेत, भात आहे, आणि हा तिथला खलाशी जहाज फुटलं म्हणून आमच्या वाट्याला आला. क्रिसांतो आमच्या जिभेला झेपेना. त्याचा सांतो झाला.

खाडीच्या अगदी कडेला आवडूआजीचं घर होतं. तिने त्याला गरम पेज वाढली. पेज पिऊन झाल्यावर त्याने तिचा हात धरला आणि स्वतःच्या कपाळाला टेकवला. बघणारे चपापले. आपण मोठ्यांच्या पाया पडतो, हात कोण धरतं? त्यात हा कुठला कोण, जातगोत ठाऊक नाही. आजी हसली.

"ह्याच्या मुलखात आशीर्वाद हातात रवता वाटता," ती म्हणाली, आणि तिने त्याला ओटीवर जागा दिली.

या आवडूआजीचा एकुलता एक मुलगा, धाकू, रंगूनच्या बोटीवर गेला तो परतलाच नव्हता. तो येईल म्हणून आजी घराचं दार कधी लावत नसे. कुत्री आत शिरत, कोंबड्या शिरत, दार उघडंच. सांतोला चार शब्द बोलता यायला लागल्यावर एकदा तिने त्याच्या आईचं विचारलं, "तुझी आवस आसा?"

"आसा," तो म्हणाला. "दारात बसली आसतली."

खाडीत आलेल्या प्रत्येक गलबताला सांतो विचारायचा, उगवतीकडे जाणार का? जाणारं कोणीच नसायचं.

मग तो इथलाच झाला. एका माडाच्या शेंड्यापासून दुसऱ्याच्या शेंड्यापर्यंत तो बांबू बांधायचा आणि वरच्या वर चालत जायचा. खाली न उतरता तो तीन गावं ओलांडून सोयरिकीला जेवून आला, असं म्हणतात. जेवायला तरी उतरला असेल, असं मला वाटतं, पण आमच्या गावात असं बोललं की लोक रागावतात.

आणि मग खाडी फिरली. दर उधाणाला काठाचा लचका तुटू लागला. आधी माड गेला, मग विहिरीची वाट गेली, मग पाणी आजीच्या तुळशीला लागलं. गाव गोळा झालं. आजी, गाठोडं बांध आणि वर चल, असं सगळ्यांनी विनवलं. आजी चुलीपुढे बसून राहिली.

"माझो झील धाकू इलो तर खंय बघतलो? ह्या दार सोडून मी खंय येवची नाय."

अमावास्येचं उधाण दुपारी भरणार होतं. ते पाणी घराला सोडणार नाही हे शेंबड्या पोरालाही दिसत होतं. सांतो म्हणाला, "आजयेक घरातसून काढू नकात. घरच घेया." त्याच्या मुलखात घर हलवायचं झालं तर सगळा गाव ते खांद्यावर घेतो, असं त्याने सांगितलं. घर कुडाचं, गवताने शाकारलेलं. त्याने कुडाची माती उतरवली, खांबांच्या मुळाशी करवत लावली, घराखालून बांबू घालून काथ्याने आवळले आणि आजीला चुलीसकट बसायला त्यांवर फळ्या टाकल्या. पाणी अंगणात आलं.

पण बांबूला खांदा द्यायला कोणी पुढे होईना. कारण तसंच होतं. आमच्याकडे खांद्यावर दोनच गोष्टी निघतात, देवाची पालखी आणि तिरडी. पालखीला मानकरीच लागतात. आणि जित्या बाईला बांबूवर घालून न्यायचं म्हणजे काय अभद्र ते. माणसं पाण्यात उभी राहिली आणि एकमेकांची तोंडं बघू लागली. सांतो एकटाच एका बांबूखाली शिरला आणि कण्हत रेटू लागला. घर तसूभरही हललं नाही.

तेव्हा आतून आजीचा आवाज आला. देवाला गाऱ्हाणं घालतात तो गावकराचा, म्हणजे गावच्या मुख्य मानकऱ्याचा मान, बायका घालत नाहीत. पण तिने घातलं.

"बा देवा म्हाराजा, ह्या मेल्यांका सांग, मी जिती आसंय. ज्या घरात कोणाची तरी वाट बघतत, ता घर पालखीच समजान घेवा म्हणान सांग."

आणि गावकराच्याच तोंडून गाऱ्हाण्याचा होकार निघाला, "व्हय म्हाराजा." तो पुढे झाला, त्याच्या मागून सगळे. कोणाचा खांदा कोणाला लागला ते कोणी पाहिलं नाही. घर उठलं.

घर चालत चालत टेंबावर, गावाच्या वरच्या टेकाडावर गेलं. आत आजी बसलेली, चूल पेटलेली, चुलीवर पेज रटरटत होती. पेजेचा थेंब सांडला नाही आणि शेवटचा माणूस वर येईपर्यंत खाडी थांबून राहिली, असं म्हणतात. मग जुना काठ धाडकन कोसळला. सांतोने घर टेकवलं ते दार खाडीकडे करून.

धाकू आला नाही. हे मला बदलता आलं असतं तर मी बदललं असतं. जाताना आजीने घर सांतोला दिलं आणि सांगितलं, दार लावू नकोस. सांतोने इथल्याच शेवंतीशी लग्न केलं, त्याला मुलं झाली, नातवंडं झाली, तो अख्ख्या गावाचा आजो झाला. म्हातारपणीही तो त्या दारात उगवतीकडे तोंड करून बसायचा. तुम्ही आत्ता बसलात ती हीच ओटी. कूड जाऊन चिरे आले, गवत जाऊन कौलं आली, पण दाराला आजही कडी नाही, आणि माझं बसकं नाक कोणाकडून आलं तेही आता तुम्हाला कळलं.

अजून दर वर्षी त्या उधाणाच्या दिवशी गाव बांबूची खोपी बांधतो. गावातली सगळ्यात म्हातारी बाई पेजेचं मडकं घेऊन आत बसते आणि ज्याला खांदा आहे तो खांदा देतो. टेंबावर खोपी टेकवतात, दार खाडीकडे. पोरं रांगेने येतात आणि म्हातारीचा हात कपाळाला लावतात. मग ती म्हातारीच गाऱ्हाणं घालते.

"बा देवा म्हाराजा, पाण्याच्या पल्याड एक आवस दार उघडा ठेवन बसली आसा. तिका सांग, तुझो झील हंय सुखरूप पावलो."

आणि सगळा गाव म्हणतो, "व्हय म्हाराजा."